पन्नास युनिटं वाढली, बिल तिप्पट कसं झालं?

जबलपूरच्या मदन महल भागात मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की घरोघर एकच निदान होतं : मीटर पळतोय. एप्रिलमध्ये तीनशेच्या घरात असलेलं बिल मेमध्ये हजारावर जातं. कूलर जास्त चालला हे सगळ्यांना मान्य असतं, पण कूलर काही तिप्पट वीज खात नाही. शेजारी चौकशी करावी तर त्यांचंही तसंच आलेलं. दोन घरांचे मीटर एकाच महिन्यात कसे बिघडतील, हा प्रश्न खरं तर तिथेच पडायला हवा. पण त्याऐवजी संशय पक्का होतो आणि संध्याकाळी वीज कंपनीच्या झोन कार्यालयात रांग लागते.

गंमत अशी की हे सगळं विजेच्या राजधानीतच घडतं. 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, तेव्हा जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आलं आणि वीज मंडळाचं मुख्यालयही. पुढे 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन कंपन्या कामाला लागल्या. निर्मिती, पारेषण, वीजखरेदी आणि पूर्व क्षेत्राचं वितरण, या सगळ्यांची मुख्य कार्यालयं आजही रामपूरच्या शक्ती भवनात आहेत. मदन महलहून तिथे जायला फार वेळ लागत नाही. बिल समजून घ्यायला मात्र बराच लागतो.

1. पन्नास युनिटं कुठून आली?

आधी युनिट. 1000 वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. 2000 वॉटचा गिझर अर्ध्या तासातच ते संपवतो. 75 वॉटचा जुना पंखा तेवढ्यासाठी तेरा तासांहून जास्त फिरतो.

घरातला मोठा कूलर, पंखा आणि पाण्याचा पंप धरून, साधारण 200 वॉट ओढतो. एप्रिलमध्ये तो रात्रीपुरता लावतात. मेमध्ये पारा 43-44 अंशांवर गेला की वाळ्याच्या ताट्या दुपारीही भिजत्या ठेवाव्या लागतात, म्हणजे रोजचे आठ तास वाढले. 200 वॉट गुणिले 8 तास, म्हणजे 1.6 युनिटं. तीस दिवसांची 48. फ्रीजही उन्हाळ्यात जास्त वेळ चालतो, त्याची दोन-तीन धरा. झाली पन्नास.

तेव्हा समजू, की एका घराचा वापर एप्रिलमध्ये 140 युनिटं होता आणि मेमध्ये 190. वाढ साधारण 36 टक्क्यांची. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नाही.

2. दीडशेची रेघ

मध्य प्रदेशात घरगुती वीज चार टप्प्यांत विकली जाते. 2023-24 च्या दरपत्रकात पहिल्या 50 युनिटांना 4 रुपये 27 पैसे, 51 ते 150 ला 5 रुपये 23 पैसे, 151 ते 300 ला 6 रुपये 61 पैसे आणि त्यापुढे 6 रुपये 80 पैसे असा दर होता. नंतर दर वाढले, पण आकड्यांची घडण तीच राहिली, म्हणून हिशोबाला हेच दर घेऊ.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. "स्लॅब बदलला, म्हणून सगळ्याच युनिटांना वरचा दर लागला," असं लोक सांगतात. विजेच्या दराबाबत हे खरं नाही. 151 वं युनिट महाग असतं, पण पहिली 50 त्यांच्या जुन्याच दराने मोजली जातात. टप्पा ओलांडल्याने बिल हळूहळू चढायला हवं.

ते उडी का मारतं, याचं उत्तर दरपत्रकात नाही, अनुदानात आहे. 2019 मध्ये कमलनाथ सरकारने इंदिरा गृह ज्योती योजना घरगुती ग्राहकांसाठी व्यापक केली. सरकार बदलल्यावर तिचं नाव अटल गृह ज्योती झालं. योजना अशी : महिन्याचा वापर 150 युनिटांपर्यंत असेल तर पहिली 100 युनिटं शंभर रुपयांत, वरच्या 50 ला नेहमीचा दर. वापर 150 च्या पुढे गेला, तर मात्र वरच्या युनिटांपुरतं नाही, सगळंच अनुदान जातं.

आता आपलं घर घ्या. एप्रिलची 140 युनिटं : पहिल्या शंभराचे 100 रुपये, उरलेल्या 40 चे 5.23 ने 209 रुपये 20 पैसे. एकूण 309 रुपये. मेची 190 युनिटं : पहिल्या 50 चे 213.50, पुढच्या 100 चे 523, शेवटच्या 40 चे 264.40. बेरीज 1000 रुपये 90 पैसे. वापर छत्तीस टक्के वाढला आणि बिल तिपटीहून जास्त झालं. मीटर जागच्या जागी आहे, रीडिंग घेणाऱ्या माणसाचीही काही चूक नाही. इतर आकार अजून धरलेलेच नाहीत.

याहून बोलका हिशोब एका युनिटाचा आहे. 150 युनिटांचं बिल 361 रुपये 50 पैसे. 151 चं 743 रुपये 11 पैसे. ते एकशे एक्कावन्नावं युनिट घराला जवळपास 382 रुपयांना पडतं. पाहुण्यांसाठी अर्धा तास गिझर लावला तेवढंच ते.

मध्य प्रदेशातला वीजबिलाचा निम्मा राग या एका रेघेवर सांडलेला आहे, असं माझं मत आहे. 2023-24 मध्ये सरासरी दरवाढ 1.65 टक्के होती. घरगुती दरात ती युनिटामागे सहा पैशांची झाली. 150 युनिटांवर नऊ रुपये. वर्तमानपत्रात मथळा नऊ रुपयांचा येतो आणि घरात भांडण सातशे रुपयांवरून होतं.

रीडिंगच्या तारखेबद्दलही लोकांना धास्ती असते. माणूस चार दिवस उशिरा आला तर रेघ ओलांडली जाईल, अशी. योजनेची मर्यादा रोजच्या सरासरी 5 युनिटांची आहे, त्यामुळे 34 दिवसांच्या बिलाला ती 170 युनिटांपर्यंत सरकायला हवी. बिलावर मागची आणि चालू, दोन्ही रीडिंगच्या तारखा छापलेल्या असतात. मधले दिवस मोजा, पाचाने गुणा आणि मग वापराचा आकडा बघा. तक्रार करायची असेल तर ती या गुणाकाराने सुरू करावी.

3. भार ठरतो कसा?

बिलावरच्या 'नियत प्रभार'ला महाराष्ट्रात आपण स्थिर आकार म्हणतो. वीज वापरा न वापरा, हा द्यायचाच. पहिल्या दोन टप्प्यांत तो जोडणीमागे ठरावीक असतो. 150 च्या पुढे तो भारावर जातो, म्हणजे घराने एका वेळी किती किलोवॉट ओढावी यावर. आणि इथे मध्य प्रदेशाची एक खास तऱ्हा आहे : भार वापरावरूनच काढतात. महिन्याच्या दर 15 युनिटांना 0.1 किलोवॉट, वरचा तुकडाही पूर्ण धरायचा. 190 युनिटांचे तेरा तुकडे, म्हणजे 1.3 किलोवॉट. नावाला स्थिर, पण कूलरबरोबर हाही चढतो. रेघ ओलांडणाऱ्या घराला हा दुसरा फटका.

4. न घेतलेल्या विजेचे पैसे

"बरगीचं धरण इथलं, नर्मदेचं पाणी इथलं, मग वीज महाग का?" हा जबलपूरकरांचा आवडता प्रश्न. उत्तर नुसत्या आकारमानात आहे. बरगीच्या दोन संचांची क्षमता 90 मेगावॉट. राज्याची कमाल मागणी अलीकडच्या वर्षांत 17 हजार मेगावॉटच्या वर गेलेली आहे. बरगी म्हणजे त्याचा साधारण दोनशेवा भाग.

ही कमाल मागणी केव्हा येते, ते पाहण्यासारखं आहे. कूलर-एसीच्या मे महिन्यात नव्हे, डिसेंबर-जानेवारीत. गव्हाला पाणी देणारे लाखो पंप तेव्हा एकदम चालू होतात. त्या काही आठवड्यांत वीज कमी पडू नये म्हणून वीज खरेदी करणारी कंपनी खासगी आणि सरकारी वीज केंद्रांशी वर्षानुवर्षांचे करार करून ठेवते. पंचवीस वर्षांचा करार काही विशेष नाही. पावसाळ्यात पंप बंद, कूलर बंद, मागणी खाली येते. करार चालूच राहतात.

अशा कराराचे दोन भाग. एक इंधनाचा, जेवढी वीज घेतली तेवढा. दुसरा क्षमतेचा, केंद्र तयार ठेवल्याबद्दल. पुण्याला शिकायला राहिलेल्या कोणालाही हे चटकन कळेल : ही अशी खाणावळ आहे जिथे खाडा धरत नाहीत. दिवाळीला घरी जा, परीक्षेत उपाशी राहा, महिन्याचे पैसे पूर्ण. स्वयंपाकी, जागा, भांडी तुमच्यासाठी राखून ठेवली होती ना! खाणावळवाल्याचं म्हणणं खोटं नसतं. प्रश्न एवढाच, की जेवणारे किती हे न मोजता पानं मांडायला सांगितली कोणी.

महाराष्ट्राने हा धडा दाभोळमध्ये महागात घेतला. एन्रॉनच्या प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाचा करार डिसेंबर 1993 मध्ये झाला, आणि मे 2001 मध्ये मंडळाने तिथली वीज घेणं थांबवलं. क्षमतेचे पैसे डॉलरशी बांधलेले आणि मागणीचा अंदाज फुगवलेला, अशी ती कोंडी होती. करारातली कलमं सामान्य वाचकासाठी नसतात हा समज तेव्हा मोडला, आणि पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थेने त्यांचा हिशोब लोकांपुढे मांडला. जबलपूरमध्ये 'बिना बिजली लिए भुगतान' हे शब्द आज दरवाढीच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येतात. तक्रार जुनीच आहे, राज्य तेवढं बदललं.

गळतीचाही वाटा आहे. तारांमध्ये वाया जाणारी, चोरीला जाणारी आणि बिल होऊनही वसूल न होणारी वीज मिळून ही गळती मोजतात. पूर्व क्षेत्र कंपनीची गळती देशाच्या सरासरीहून जास्त राहिलेली आहे. दर ठरवणारा राज्य विद्युत नियामक आयोग गळतीची एक मर्यादा आखून देतो आणि तिच्यापलीकडचा तोटा कंपनीने सोसावा अशी अपेक्षा असते. मर्यादेच्या आतला तोटा मात्र वेळेवर बिल भरणाऱ्याच्या दरात मिसळलेला असतो.

5. महिन्याला बदलणारी ओळ

बिलावर एक ओळ अशी आहे, की ती या महिन्यात वाढलेली दिसते आणि पुढच्या महिन्यात कधी उणेही होते : इंधन व वीजखरेदी समायोजन अधिभार. वर्षाच्या सुरुवातीला दर ठरवताना कोळशाचा भाव, रेल्वेभाडं, बाजारातली वीज यांचा अंदाज धरलेला असतो. प्रत्यक्ष खर्च वेगळा आला तर फरक ग्राहकाकडून घेतात किंवा त्याला परत देतात. पूर्वी मध्य प्रदेशात हे तिमाहीने व्हायचं. केंद्राच्या डिसेंबर 2022 च्या नियमांनंतर, एप्रिल 2023 पासून ते महिन्याला आणि आपोआप होऊ लागलं.

त्यामागे 2022 चा उन्हाळा होता. युक्रेन युद्धानंतर जगभर कोळसा आणि वायू महागले. इकडे देशी कोळसा पुरेना, म्हणून केंद्र सरकारने वीज केंद्रांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सामान्य घराचं वर्षाचं ऊर्जाबिल, सरकारने लगाम घातल्यावरही, 2,500 पौंडांवर ठेवावं लागलं. वर्षभरापूर्वी ते 1,277 पौंड होतं. तिथे तर बिल न भरण्याची चळवळच उभी राहिली. ब्रिटनमध्ये विजेचा बाजारभाव बहुतेक वेळा वायूवर चालणारी केंद्रं ठरवतात, म्हणून झळ थेट बसली. आपल्याकडे दीर्घ करारांमुळे ती कमी बसली. खाडा न धरणाऱ्या कराराचा हा एक फायदा, आणि तो कबूल करायला हवा.

6. मीटर पळतो का?

आता मीटर. स्मार्ट मीटरवरून जबलपुरातही वाद झाले आणि महाराष्ट्रातही. जून 2024 मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीसांना सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर करावं लागलं. मीटर बदलल्यावर बिल वाढलं, हा अनुभव पुष्कळांचा आहे आणि तो सरसकट खोटा नाही.

जुन्या मीटरमध्ये फिरती चकती असायची. घासून ती मंदावायची. मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा लाल दिवा असला बारीक वापर तिला जाणवायचाच नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर तो मोजतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हे मीटर फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारांतला प्रवाह पाहतात, आणि दोन्हींत फरक पडला तर जो जास्त असेल तो धरतात. चोरी पकडण्यासाठी ही सोय केलेली आहे. पण जुन्या घरात भाडेकरूच्या खोलीचं न्यूट्रल घरमालकाच्या तारेला जोडून टाकलेलं असतं, किंवा ओल धरलेल्या भिंतीतून वीज जमिनीत उतरत असते. चोरी कोणी करत नाही, तरी मीटर जास्तीचा आकडा दाखवतो. चूक घराच्या वायरिंगची असते आणि शिव्या मीटरला बसतात.

हे घरी तपासता येतं. मीटरच्या पाटीवर 3200 किंवा 1600 असा आकडा असतो. एका युनिटात लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. मेन स्विच चालू ठेवून घरातली सगळी उपकरणं बंद करा, प्लगसुद्धा काढा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर गळती किंवा सामाईक न्यूट्रल आहे, वायरमन बोलवा. लुकलुकणं थांबलं, तर 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब एकटा लावा. 3200 च्या मीटरला तासात 320 लुकलुकी हव्यात, म्हणजे तीन मिनिटांत 16. पंधरा-सतरा आल्या तर मीटर ठीक. पंचवीस आल्या, तर चेक मीटर लावून मागायला तुमच्याकडे आधार आहे.

स्मार्ट मीटरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मध्य प्रदेशात असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर वीजदरात 20 टक्के सवलत मिळते, कारण दिवसा सौरवीज स्वस्त असते. पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन या वेळेत उरकलं तर फरक पडतो. फार नाही, पण पडतो.

7. भांडायचं कुठे?

बिलच चुकीचं वाटत असेल, तर 2003 च्या वीज कायद्याचं 56 वं कलम माहीत असावं. पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की निकालापर्यंत जोडणी सुरक्षित राहते. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक तक्रार मंचाकडे जाता येतं, आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे.

दरच चुकीचा वाटत असेल, तर जागा वेगळी आहे. कंपन्या दर वर्षी आपल्या खर्चाचा ताळेबंद राज्य विद्युत नियामक आयोगापुढे ठेवतात. कायद्याने तो प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर कोणाही ग्राहकाला हरकत घेता येते, आणि आयोगाने 120 दिवसांत निकाल द्यायचा असतो. जबलपूरची सुनावणी शक्ती भवनाच्या तरंग प्रेक्षागृहात होत आलेली आहे. तिथे हरकती घेणाऱ्यांत नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंचाचे डॉ. पी. जी. नाजपांडे हे नाव शहराला चांगलं परिचयाचं. वीज खात्यातूनच निवृत्त झालेले काही अभियंतेही येतात, आणि कंपनीचे आकडे कंपनीच्याच भाषेत तपासतात.

त्याने फरक पडतो का? 2023-24 साठी कंपन्यांनी 3.20 टक्के वाढ मागितली, मिळाली 1.65. पुढच्या वर्षी 3.86 मागितली, मिळाली 0.07. मागणाऱ्याने आधीच फुगवून मागितलं असणार हे उघड आहे. पण फुगवटा कोणीतरी आकडेवारीनिशी दाखवावा लागतो, आणि ते काम मोर्च्याने होत नाही. हजारो घरांचा राग, आणि सुनावणीला मूठभर माणसं, हे चित्र मात्र दर वर्षीचं आहे.

दीडशेची रेघ या सुनावणीत मांडून उपयोग नाही. अनुदान हा आयोगाचा विषय नव्हे. कायद्याच्या 65 व्या कलमाप्रमाणे ते राज्य सरकार देतं आणि त्याचे पैसे सरकारनेच कंपनीला आगाऊ भरायचे असतात. रेघेऐवजी उतार करता येईल : 150 च्या पुढे प्रत्येक युनिटामागे अनुदान थोडं थोडं कमी होत दोनशेला संपावं. 100 युनिटांवरची सूट या दरांनी 375 रुपयांची आहे. पन्नास युनिटांवर ती पसरली तर प्रत्येक युनिटाला साडेसात रुपये कमी होतील आणि कोणाचंही बिल एका रात्रीत दुप्पट होणार नाही. सरकारचा खर्च थोडा वाढेल, कारण आज रेघेपलीकडे असलेली काही घरं सवलतीत येतील. ही मागणी आमदाराकडे आणि भोपाळच्या ऊर्जा विभागाकडे करायची आहे, रामपूरच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाकडे नाही.